मागच्या खोलीचा न्यूट्रल

नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि आमच्या पॅनलच्या कारखान्यातल्या बायकांना तर नाहीच. म्हणजे बघा, ज्या बायकांना मी माझ्या बाळंतपणापासून नणंदेच्या लग्नातल्या भांडणापर्यंत सगळं रंगवून सांगते, त्यांच्यासमोरसुद्धा ही एक गोष्ट आली की मी डबा उघडते आणि लोणच्याचा विषय काढते. सात वर्षं झाली. आज तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, तुमच्या घरचं वायरिंग मी केलेलं नाही, आणि तुम्ही मामांना ओळखत नाही — म्हणून जमेल असं वाटतं. बघू.

आधी माझी ओळख. मी वर्षा. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली, आणि दुसरीचं सहा महिन्यांत लग्न झालं. मी टिकले. मग उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या कारखान्यात पॅनल बनवायला लागले. लोखंडी पेट्या असतात ना, आत रांगेनं स्विच आणि तारा, त्या आम्ही जोडतो. सेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘बेटा, चाय बाद में, पहले न्यूट्रल गिन.’ मला हसू आलं होतं. चहाच्या आधी करंटच्या परतीच्या तारा मोजायच्या? पण काम मी झटपट शिकले. हात चांगला आहे माझा, खोटं कशाला बोलू. जीभ त्याहून चांगली आहे, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

लग्न करून बदलापूरला, हेंद्रेपाड्यात आले. नवरा नितीन, अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये. सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मामा म्हणजे — कसं सांगू? उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. लोक खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सचे वायरमन होते, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीचे. आमच्या गल्लीतली आणि बेलवलीच्या बाजूची मिळून अडतीस घरं त्यांच्या हातची. अडतीस हा आकडा पक्का आहे, कारण त्यांची एक वही होती. कुठल्या घरात कुठल्या भिंतीतून कुठली तार गेली आहे त्याचं चित्र, पट्टी लावून काढलेलं. खाली घरमालकाचं नाव. एवढंच. मी पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा म्हटलं, अहो मामा, ही तर माझ्या जर्नलपेक्षा चांगली आहे. ते लाजले. खरंच लाजले, सासरा असून.

आणि विहार. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, त्याची जयंतीची रोषणाई दरवर्षी मामाच करायचे. मार्च लागला की अंगणात माळा पसरायच्या, एकेक बल्ब तपासायचा, फुटके काढायचे, निळे एका बाजूला, पांढरे एका बाजूला. आत्या ओरडायच्या, ‘अहो, कुर्डया कुठं वाळत घालू?’ मामा म्हणायचे, ‘घाल की माळांच्या मधे, तेवढाच उजेड पडेल कुर्डयांवर.’ जयंतीच्या संध्याकाळी मामा विहाराच्या मेन स्विचशी उभे राहायचे, सगळी गल्ली गप्प व्हायची, आणि ते खटका दाबायचे. नितीन सांगतो, लहानपणी त्याला वाटायचं की जयंती बाबांच्याच बोटानं सुरू होते.

आता घराचं सांगते. पहिल्या वर्षी मी त्यांच्या वायरिंगला हसले होते. कारण सगळ्या खोल्यांत प्लगची खोकी छातीएवढ्या उंचीवर! पुस्तकात असतं का असं? मी म्हटलं, मामा, मोबाईल चार्जिंगला लावला तर तो हवेत लोंबकळतो. याचं कारण आत्यांनी सांगितलं. एकदा उल्हास नदीचं पाणी गल्लीत शिरलं, घरात मांडीएवढं आलं, तेव्हा मामांनी सगळी खोकी उखडून वर घेतली, आमच्या घरची आणि मागाहून जमेल तशी इतरांचीही. पुढच्या पुराला लोक कॉटवर बसले होते, पण शॉक कुणाला बसला नाही. हे ऐकून माझं तोंड बंद झालं. थोडा वेळ.

तर नितीनची रात्रपाळी, दिवसा झोप, मे महिन्यात पत्र्याखाली मागच्या खोलीत तो भाजून निघायचा. एसी घ्यायचा ठरला. आणि एसी म्हटल्यावर बोर्ड बदलायलाच हवा. आमचा बोर्ड जुना — सागाची फळी, त्यावर चिनीमातीचे पांढरे फ्यूज रांगेत, जाड दातांसारखे. फ्यूज उडाला की मामा टॉर्च तोंडात धरून नवी तार घालायचे. आणि तार मोजून, बरं का! लोक हाताला येईल ती जाडी तार पिळून बसवतात, मामा नाही. ‘फ्यूजचं काम उडायचं आहे,’ म्हणायचे, ‘टिकायचं नाही.’

मी म्हटलं, आपण रीतसर करू. आधी तपासणी. कारखान्यातून मेगर आणलं. हे यंत्र तारेवरचं प्लास्टिक अजून धड आहे का, करंट कुठं झिरपतोय का, ते सांगतं. एक अख्खा रविवार मी आणि मामा एकेक खोली तपासत फिरलो. माझ्या आयुष्यातला तो एक छान रविवार आहे. मी आकडा वाचायची, ते वहीत लिहायचे. स्वयंपाकघरात एका ठिकाणी उंदरानं कुरतडलं होतं, तेवढा तुकडा बदलला. बाकी? बाकी सगळं ठणठणीत. तीस वर्षांपूर्वीची तांब्याची तार, लाकडी पट्टीतून नेलेली, आणि मेगरचा काटा बघाल तर नव्या घरालाही लाजवेल. हॉल चांगला, पुढची खोली चांगली, मागची खोली चांगली. मी स्वतः वाचलं. हे लक्षात ठेवा — मी स्वतः वाचलं होतं.

मग पुढचा रविवार.

आता मी जरा घुटमळणार, सांभाळून घ्या. किती दिवस ठरवते आहे की इथं आले की भरभर सांगून टाकायचं, जसं इंजेक्शन घेतो तसं, आणि इथं आले की मला त्या दिवशीचा नाश्ताच आठवतो. पोहे होते. शेजारच्या म्हात्रेकाकूंनी कोलंबीचं लोणचं दिलं होतं. पोह्याबरोबर कोलंबीचं लोणचं कुणी खातं का? आम्ही खाल्लं.

तर त्या रविवारी मी नवा बोर्ड बसवला. लोखंडी पेटी, आत एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी खोलीगणिक एकेक खटका, आणि मुख्य म्हणजे ईएलसीबी. हे गल्लीत पहिलं. ईएलसीबी म्हणजे असा खटका, की आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत जरा जरी फरक पडला — कुणाला शॉक बसायला लागला, कुठं गळती झाली — तर हा स्वतःच पडतो आणि घराची लाईट बंद करतो. मामांच्या काळात घरोघरी हे नव्हतं. त्यांना कुतूहल होतं, आणि जरा धाकही होता. सकाळीच म्हणाले होते, ‘वर्षा, भिंतीतून येणाऱ्या सगळ्या न्यूट्रल काळ्याच आहेत. कुठली कुठल्या खोलीची ते मला पाठ आहे. मी नावं सांगतो, तू चिठ्ठ्या लाव.’

आणि मी काय म्हटलं असेल? ‘राहू द्या मामा, आता असं चिठ्ठ्याबिठ्ठ्या लावून नसतं करत. मी बघते.’ उचलली जीभ, लावली टाळ्याला. कारखान्यात आम्ही चिठ्ठ्या लावतो, हो, दर तारेला लावतो! पण त्या दिवशी दारात गर्दी होती. म्हात्रेकाकू, समोरच्या सुमनताई, विहाराच्या कमिटीचे दोघं, सगळे सून बोर्ड बसवते ते बघायला आलेले. आणि मला प्रेक्षक मिळाले की काय होतं ते नितीनला विचारा.

हात चालू होते आणि तोंडही चालू होतं. पेटीत न्यूट्रलच्या दोन पितळी पट्ट्या असतात, शेजारी शेजारी. एक ईएलसीबीच्या आधीची, एक नंतरची. घरातली प्रत्येक न्यूट्रल नंतरच्या पट्टीवर यायला हवी, म्हणजे परतीचा करंट त्या खटक्यातून मोजला जातो. पाच तारा होत्या. मी लोकांना समजावून सांगत होते, ‘हा पडला की समजायचं माणूस वाचला,’ आणि सुमनताई विचारत होत्या, ‘मग नवऱ्याला शॉक द्यायचा असला तर?’, आणि सगळे हसत होते, मी सगळ्यांत जास्त — आणि त्या हसण्यात चार तारा बरोबर पट्टीवर गेल्या आणि पाचवी चुकीच्या. मागच्या खोलीची. नवशिक्या पोरीनं करावी अशी चूक. सेठच्या चहाआधीची चूक. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लाईट दिली. खट्ट! ईएलसीबी पडला. पुन्हा उचलला, खट्ट. मी एकेक खोली बंद करून पाहिली. हॉल ठीक, पुढची खोली ठीक, स्वयंपाकघर ठीक, न्हाणी ठीक. मागच्या खोलीचा खटका वर केला, तिथला पंखा फिरायला लागणार एवढ्यात — खट्ट. दारातलं हसणं थांबलं. म्हात्रेकाकू म्हणाल्या, ‘काय गो, अंधारच करायचा व्हता तं जुनाच काय वाईट व्हता?’

माझे कान तापले. तुम्हाला होतं का असं कधी? की दहा माणसं बघतायत आणि आपल्याला कळत नाहीये, आणि कळत नाहीये हे कबूल करायला जीभ वळत नाही? मी पेटीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मी सरळ मागे वळले आणि म्हटलं — सगळ्यांसमोर, मोठ्यानं — ‘मामा, तुमची वायर कुजली आहे. मागच्या खोलीत भिंतीतून करंट गळतोय. ईएलसीबीनं पकडलं.’

मामा म्हणाले, ‘पण मेगरला तर चांगली दाखवली होती ना?’

बरोबर प्रश्न होता. शंभर टक्के बरोबर. आणि मी जे उत्तर दिलं ते आठवलं की मला आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. मी म्हटलं, ‘मेगर नुसतं वरवर सांगतं, मामा. जुनी तार लोडवर गेली की मगच उघडी पडते.’ याला काही अर्थ नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. पण असं ठसक्यात म्हटलं ना, की कुणालाही वाटावं, बाई शिकलेली आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या खटक्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘असेल.’ खिशातला टेस्टर काढून जुन्या बोर्डाच्या उतरवलेल्या फळीवर ठेवला आणि आत जाऊन बसले.

तिथपर्यंत मी फक्त मूर्ख होते. मूर्खपणाचा कबुलीजबाब कुणी देत नाही, नाहीतर आम्हाला दुसरा उद्योगच उरला नसता. पुढचं ऐका.

गर्दी पांगली. आत्यांनी जेवायला हाक मारली. मी म्हटलं, आलेच, आणि पेटीत डोकावले, शांतपणे, कुणी बघत नसताना. तेव्हा ती दिसली. काळी तार, चुकीच्या पट्टीवर, मीच आवळलेल्या स्क्रूखाली. एका क्षणात सगळं कळलं. मेन बंद केला, तार काढून शेजारच्या पट्टीवर लावली, मेन चालू केला. मागच्या खोलीचा पंखा गरगर फिरायला लागला. ईएलसीबी जागचा हलला नाही. भिंतीतली तार मामांनी ओढली तेव्हा जशी होती तशीच चांगली होती.

आत तिघं जेवायला बसले होते. पाच पावलं होती हो मधे. ‘मामा, माझीच चूक होती, न्यूट्रल चुकली’ — इतकंच म्हणायचं होतं. मामा हसले असते. आत्यांनी आठवडाभर चिडवलं असतं. गल्लीला दोन दिवस विषय मिळाला असता. संपलं असतं.

मी आत गेले आणि म्हटलं, ‘तात्पुरतं जमवलंय. पण मागच्या खोलीची वायर पूर्ण बदलावी लागेल.’

का? मी हा प्रश्न स्वतःला खूपदा विचारलाय आणि उत्तर दरवेळी इतकं फालतू निघतं की सांगायची लाज वाटते. आमटी वाढली होती, सगळे मला बघत होते, आणि मला शहाणी दिसायचं होतं.

आणि एक खोटं बोललं की ते निभवावं लागतं. पुढच्या रविवारी मी शिडीवर चढून मागच्या खोलीची लाकडी पट्टी उचकटली आणि ती चांगली धडधाकट तार ओढून काढली. सवयीनं पात्यानं जरा प्लास्टिक खरवडलं. आत तांबं असं लालबुंद, कालच ओढल्यासारखं. मामा खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी हात वर केला, ‘बघू, कुठं कुजली?’ हातात घेतली असती तर दोन सेकंदांत त्यांना कळलं असतं. त्या हातांना कळलंच असतं. मी म्हटलं, ‘लांब व्हा मामा, डोळ्यांत धूळ जाईल,’ आणि तार गुंडाळून थेट गोणीत घातली. त्यांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला.

सासूसुनांच्या सिरियलीत असले डाव असतात. मी त्या सिरियलींना नावं ठेवते.

मला वाटलं, झालं, मिटलं. एका खोलीची तार, कोण लक्षात ठेवतो? पण मी मामांना ओळखलंच नव्हतं. दोन दिवस ते ती वही चाळत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर इस्त्रीचा शर्ट, काखेत ती वही. आत्यांनी विचारलं, ‘कुठं निघालात?’ म्हणाले, ‘माझ्या घरातली तार कुजली, तर बाकीच्या अडतीस घरांत काय असेल? तिथं लेकरं झोपतात.’

आणि ते गेले. घरोघर. वहीच्या पहिल्या पानापासून. दारात उभं राहून सांगायचे — मी नंतर सुमनताईंकडून ऐकलं — ‘तुमचं वायरिंग मी केलंय. माझ्या हातात दोष निघालाय. तपासून घ्या, सून बघेल.’ लोक हसायचे, म्हणायचे, ‘काका, तीस वर्षं झाली, काही झालं नाही, बसा, चहा घ्या.’ हे चहा घ्यायचे नाहीत. ‘आधी तपासून घ्या,’ म्हणायचे. ज्यांची घरं विकली गेली होती त्या नव्या लोकांनाही सांगून आले. एकजण बेलवलीहून कात्रपला राहायला गेले होते, त्यांना पार तिकडं जाऊन सांगून आले की तुमच्या जुन्या घरात मी असं काम केलं होतं, तिथं आता कोण राहतं त्यांना कळवा.

तुम्ही बघताय ना काय झालं ते? चूक माझी. आणि ती घेऊन दारोदार माफी मागत हिंडतोय कोण? ज्यानं केलीच नाही तो. न लाजता, न लपवता, उन्हातान्हात. आणि मी कारखान्यात बसून दुसऱ्यांच्या पेट्यांतल्या न्यूट्रल मोजतेय.

मग मलाही जावं लागलं. सून बघेल म्हटल्यावर सुनेनं बघायला नको? दर रविवारी मी मेगर घेऊन एकेक घर, आणि मामा बरोबर. पहिलं घर, चांगलं. दुसरं घर, चांगलं. एका ठिकाणी पालीनं खोक्यात अंडी घातली होती, एका ठिकाणी भाडेकरूनं स्वतःच इस्त्रीसाठी काहीतरी उपद्व्याप केला होता, तो मी काढला. मामांच्या हातात दोष? एकाही घरात नाही. मी सांगायचे, ‘मामा, अगदी उत्तम आहे.’ मला वाटायचं, दहा घरं झाली की त्यांचा चेहरा खुलेल, वीस झाली की ते स्वतःच म्हणतील, मग माझ्याच घरात कशी काय कुजली गं?

ते दरवेळी एकच शब्द म्हणायचे. ‘नशीब.’

अडतीस घरं उत्तम, आणि मामा म्हणतात नशीब. पट्टी लावून चित्रं काढली, तारा मोजून घातल्या, पुराचं पाणी बघून खोकी वर घेतली — ते सगळं गेलं, आणि उरलं काय तर नशीब. हे मी केलं. कुजलेली तार बदलता येते. माणसाला आपल्या हातावर असलेला भरवसा मी गोणीत भरला, तो कुठून आणायचा?

मला कित्येकदा वाटलं, त्यांना कळलं असेल. सिनेमात कळतं ना म्हाताऱ्यांना? शेवटी ते डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पोरी. मी वाट पाहिली त्याची, खोटं का बोलू. नाही हो. त्यांना काहीही कळलेलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, बस.

पुढच्या मार्चमध्ये अंगणात माळा पसरल्या नाहीत. कमिटीचे लोक आले तर मामा म्हणाले, ‘यंदापासून वर्षा करेल. गर्दीचं काम आहे, माझ्या हातानं नको.’ मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं. बाहेर आले नाही. त्या वर्षीपासून विहाराची रोषणाई मी करते. छान करते, हे पण खरं. एलईडीच्या माळा, पिंपळपानाचा आकार, सगळ्याला ईएलसीबी. लांबून लोक फोटो काढायला येतात. मामा खुर्ची टाकून पुढच्या रांगेत बसतात. खटका दाबायला बोलावलं तर हात जोडतात.

आता तर गंमतच झालीये. परवा कारखान्यात फोन आला. मामा. ‘वर्षा, हॉलमधली ट्यूब उडालीये, बदलू का? का तू येईपर्यंत थांबू?’ अडतीस घरं उजळवलेला माणूस मला विचारतोय, ट्यूब बदलू का! बाजूला बसलेली रुबिना म्हणाली, ‘तेरा ससुर कितना सीधा है, यार.’ मी म्हटलं, हो ना, आणि लोणच्याचा विषय काढला.

तसं आमचं मस्त चाललंय, गैरसमज नको. मामा आणि मी दोस्त आहोत. रविवारी मटण तेच आणतात, माझ्या लेकीला कॅरम तेच शिकवतात, नितीनशी माझं भांडण झालं की कायम माझ्या बाजूनं. मला गल्लीत ‘वायरमन मॅडम’ म्हणतात. मामांनीच सुरू केलं ते. घरात हसणं-खिदळणं असतं, एसी गार चालतो, ईएलसीबी सात वर्षांत एकदाही विनाकारण पडला नाही. सुखात आहे मी. म्हणूनच तर हे असं आत टोचत राहतं.

या वर्षीच्या जयंतीला कमिटीनं माझा सत्कार ठेवला. विहारासमोर मांडव, माईक, गुलाबाचं फूल, एक पुस्तक. मी नवी साडी नेसले होते, निळी, आणि मिरवत होते चांगलीच. अध्यक्ष बोलले. मग मामा उठले. ते कधी बोलत नाहीत हो चारचौघांत, पण उठले, माईक हातात घेतला, आणि ती गोष्ट सांगितली. सगळी. बोर्डाची, खटक्याची, कुजलेल्या तारेची. ‘माझ्या हातात दोष होता,’ म्हणाले, ‘आणि मला तो कळत नव्हता. या पोरीनं सगळ्यांसमोर सांगितला. सासऱ्याला घाबरली नाही. अशी खरं बोलणारी माणसं घराला लागतात.’ लेकीनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

मग ते माझ्याकडे वळले. हसत होते. खूश होते खूप. म्हणाले, ‘सांग गं वर्षा, यात काही खोटं असेल तर.’ आणि माईक माझ्या हातात दिला.

समोर अडतीसच्या अडतीस घरं बसली होती. सात वर्षांत याहून सोपी वेळ आली नव्हती. माईक चालू, सगळे गप्प, त्यांनीच विचारलेलं. मला त्या पट्टीवरची ती काळी तार दिसत होती.

मी माईक तोंडाजवळ धरला आणि म्हटलं, ‘मामा म्हणतात ते सगळं खरं आहे.’ अडखळले नाही. आवाजही चांगला लागला. टाळ्या झाल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्यावरही मामा वाजवत होते.